लसीकरण किती झालं: घरोघरी पाहणी की इलेक्ट्रॉनिक नोंदणी?
पाहणीत साधारणपणे १२ ते २३ महिन्यांची मुलं मोजतात, त्यामुळे चित्र हाती येतं ते जुनं. कार्ड हरवलेलं असलं तर सगळी भिस्त आईच्या आठवणीवर.

इलेक्ट्रॉनिक नोंदणीत प्रत्येक डोसची तारीख असते. नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायचा गोवराचा डोस चौदाव्या महिन्यात दिला गेला, तर तो उशीर लगेच दिसतो. राहिलेल्या डोससाठी घरी निरोपही धाडता येतो. रोजच्या कामाला मी नोंदणीच निवडेन.

पण नोंदणीचा छेद, म्हणजे टक्केवारी काढताना ज्या एकूण बाळांच्या संख्येने भागतात ती संख्या, नीट तपासा. गाव बदललेलं बाळ दोनदा नोंदलं जातं. आणि जे कधी नोंदलंच गेलं नाही, ते टक्केवारीत येतच नाही. बहुतेकदा लस नेमकी त्यालाच मिळालेली नसते. त्याला शोधायला दारोदार जावंच लागतं.