दोरीचा चॉपर : कांद्यापेक्षा उरलेल्या मटणाला जास्त कामाचा

दोरी ओढून फिरवायचा प्लॅस्टिकचा चॉपर आता घरोघरी आहे आणि त्याचं कौतुक सगळीकडे कांद्यावरून चालतं. कांद्याला तो मला तरी नको. विळीवर माझा कांदा त्याच्याआधी चिरून होतो, शिवाय धुवायला फक्त विळी असते. चॉपरमधला कांदा निम्मा बारीक, निम्मा जाड निघतो आणि त्याला पाणी सुटतं ते वेगळंच. तरीही हे भांडं मी ओट्यावर हाताशी ठेवलंय, ते उरलेल्या शिजवलेल्या मटणासाठी. त्या कामात त्याला पाच पैकी साडेचार. कांद्याला दोन, तेही मन मोठं करून.

उरलेलं मटण हा आमच्या कोल्हापुरात आषाढातला मोठा विषय असतो. त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाई देवीची, यात्रा आली की पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर जातं आणि गल्लोगल्ली बकरी पडतात. गल्लीचा वाटा घरी येतो, वर पाहुण्यांसाठी म्हणून आपणही किलोभर आणतो आणि त्याच दिवशी पाहुणे दुसऱ्या गल्लीतल्या यात्रेला जेवून आलेले असतात. यात्रा मंगळवारी किंवा शुक्रवारी. मंगळवारची असली तर बुधवार हाताशी असतो. शुक्रवारची असली की दुसऱ्या दिवशी आत्तींचा (सासूबाईंचा) शनिवार, म्हणजे सुकं मटण थेट रविवारपर्यंत फ्रिजात. आणि श्रावण लागायच्या आत फ्रिज रिकामा पाहिजे, यात तडजोड नाही. फ्रीझरमध्ये गोठवून महिनाभर ठेवता येतं हे मी एकदा बोलून पाहिलं. आत्ती म्हणाल्या, "ठेव की. मग श्रावणभर मी शेजारच्यांच्या फ्रिजातलं दूध पिते."

तर वस्तूबद्दल. बाजारात साधारण दोन मापं दिसतात, चारशे-पाचशे मिलीचं लहान आणि नऊशे मिलीच्या आसपासचं मोठं. माझं मोठं आहे, तीन पात्यांचं. पाच पात्यांचंही मिळतं, पण मटणाला मी तीनच सांगेन. पाच पाती शिजलेल्या मांसाचा लगदा करतात आणि लगद्याचे पॅटिस तव्यावर उलटताना फुटतात. खाली रबराची चकती असलेलंच घ्यावं, नाहीतर एका हाताने भांडं दाबून धरा आणि दुसऱ्याने दोरी ओढा, असा व्यायाम होतो.

आता खरं काम. सुकं मटण फ्रिजातून काढलं की थंडगारच घ्यायचं. गरम मटण चॉपरमध्ये घातलं तर तंतू ताणले जाऊन पात्याभोवती दोऱ्यासारखे गुंडाळतात आणि चरबी पातळ होऊन सगळं चिकट होतं. थंड असलं की चरबी घट्ट असते आणि तुकडा स्वच्छ कापला जातो. फ्रीझरमधलं अर्धवट सुटलेलं असेल तर आणखी छान. आधी ताटात पसरून प्रत्येक तुकडा बोटांनी चाचपून हाडापासून सोडवायचा. खाटकाच्या सुऱ्याने उडालेली हाडाची कपची तांदळाएवढीही असते, दिसत नाही, फक्त बोटाला लागते. ती पात्याखाली गेली तर पातं वाकतं आणि पॅटिसमध्ये गेली तर पोराच्या दाताखाली येते. ही पायरी कुठलंही यंत्र तुमच्यासाठी करणार नाही. नळ्या आणि हाडं फेकून देऊ नयेत. कुकरमध्ये आलं-हळद घालून तीन शिट्ट्या दिल्या की पुन्हा वाटीभर अळणी, म्हणजे बिनतिखटाचं मटणाचं पाणी, निघतं.

भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. पहिल्या दोन-तीन ओढी अडखळतात, दोरी हाताला हिसका देते. मग एकदम हलकी होते आणि आतला आवाज बदलतो, खडखड जाऊन सळसळ येते. तिथून तीन-चार ओढी पुरे. झाकण काढून बघाल तर ज्वारीच्या दाण्याएवढा मोकळा खिमा दिसतो, प्रत्येक कणावर मसाल्याचा तपकिरी थर तसाच. मिक्सरमध्ये हे मला कधीही जमत नाही. चटणीच्या भांड्यात दोनदा नुसतं फिरवलं तरी खालचं पीठ होतं आणि वरचे तुकडे तसेच राहतात. आमच्या माहेरी टेबलाला आवळून बसवायचं बिडाचं खिमा यंत्र होतं, त्याची सर याला नाही हे कबूल. पण ते धुवायला निम्मी दुपार जायची आणि वाटीभर उरलेल्या मटणासाठी ते कोणी बाहेर काढत नसे.

या खिम्याचं पहिलं आणि सगळ्यात चांगलं काम म्हणजे पॅटिस. दोन वाट्या खिमा, दीड वाटी हरभऱ्याची डाळ बोटचेपी शिजवून पूर्ण निथळलेली, एक वाटी दुधी किसून घट्ट पिळलेला. पिळून निघालेलं पाणी कणकेत जातं. आलं, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि बांधायला दोन चमचे पंढरपुरी डाळ्याचं पीठ. मीठ घालायचं नाही. सुक्यात ते आधीच आहे आणि डाळ-दुधीने ते बरोबर होतं. बिडाच्या तव्यावर तेलाचं बोट फिरवून दोन्हीकडून सावकाश भाजले की बाहेरून खरपूस होतात. दोन वाट्या खिमा म्हणजे पाव किलोच्या आतबाहेर, आणि आम्ही घरात पाच माणसं. माणशी पन्नास ग्रॅम मटणात पोटभर जेवण. तेच मटण तुकड्यांनी वाढलं असतं तर दोघांनाही पुरलं नसतं आणि तिसऱ्याने तोंड पाडलं असतं. दुधी म्हटलं की पळून जाणारी आमची सातवीतली मुलगी हे पॅटिस डब्यात मागून नेते. आत काय आहे हे तिला सांगायची गरज मला अजून पडलेली नाही.

चॉपरचं मोल मला इथे वाटतं. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाचा सल्ला आहे की लाल मांस (मटण त्यातच येतं) आठवड्याला शिजवलेल्या वजनाने साधारण 350 ते 500 ग्रॅमच्या वर नको. यात्रेच्या दिवशी आमचे हे एका बैठकीत त्यातलं निम्मं संपवतात. मग उरलेलं पुढच्या दोन जेवणांत डाळी-भाज्यांमध्ये पसरलं तर हिशेब जरा तरी जागेवर येतो. शिवाय मटणातलं लोह शरीराला भाजीतल्या लोहापेक्षा सहज लागतं आणि थोडं मटण सोबत असलं की डाळीतलं, पालेभाजीतलं लोहही जास्त घेतलं जातं. म्हणून मी खिमा मेथीत घालते, चाकवतात घालते आणि ताटात लिंबाची फोड ठेवते, कारण क जीवनसत्त्वही तेच काम करतं.

दुसरं काम अख्खा मसूर. याला कौतुकाची गरज नाही, आमच्या भागात तो ढाब्याढाब्यावर आहे. भिजवलेला मसूर, तांबड्या रश्श्याचं उरलेलं पाणी आणि मूठभर खिमा. रस्सा फ्रिजात राहिला की वर तवंगाची घट्ट लाल साय धरते. ती चमच्याने अख्खी उचलून काढायची. त्यातलाच एक चमचा फोडणीला, बाकीची बाजूला. ताज्या रश्श्यात तवंग हा मान असतो, तिथे मी हात लावत नाही. पण शिळ्या रश्श्याचा एवढा एक फायदा आहे की चरबी स्वतः वर येऊन सांगते, मला काढ. पांढऱ्या रश्श्याचं मात्र काही करत बसू नये. नारळाच्या दुधामुळे तो लवकर आंबतो आणि मोठ्या आचेवर फाटतो. तो त्याच दिवशी संपवावा.

ज्वारीच्या पिठात खिमा, पातीचा कांदा आणि तीळ घालून थालीपीठही होतं. चांगलं होतं, पण थापताना खिमा थोडा जरी जाड असला तरी भोकं पडतात. मला पॅटिसच बरे.

चिकनसाठी गुण कमी. उकडलेलं किंवा भाजलेलं चिकन दोन-तीन ओढींतच कापसासारखं पिंजतं आणि चौथ्या ओढीला भुसा. ते हाताने तोडलेलंच बरं. चिकनला दुसऱ्या दिवशी जो एक वशाट वास येतो, तो बारीक केल्यावर वाढतोच, कारण जेवढं बारीक तेवढी चरबी हवेला लागते. याच कारणाने मटणाचा खिमाही करून ठेवू नये. तुकडे तसेच ठेवावेत आणि लागेल तेव्हा, लागेल तेवढेच चॉपरमध्ये घालावेत.

शिळ्या मांसाच्या बाबतीत आत्ती आणि मी एका बाजूला आहोत, हे क्वचित घडतं. त्यांचा नियम असा की रात्रीचं पातेलं ओट्यावर झाकून ठेवून सकाळी 'एक उकळी देऊ' हे चालणार नाही. आणि तो बरोबर आहे. शिजवलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजात गेलं पाहिजे. बाहेर राहिलेल्यात काही जंतू असं विष तयार करतात की ते नंतरच्या उकळीनेही जात नाही. मोठं पातेलं तसंच फ्रिजात ढकललं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून पसरट डब्यांत थोडं थोडं. तीन दिवस, फार तर चार. शुक्रवारचं रविवारी चालतं, पुढच्या गुरुवारचा विचार करू नका. काढायचं ते जेवढं लागणार तेवढंच, आणि ते चांगलं वाफाळेपर्यंत गरम करायचं. तेच भांडं रोज आत-बाहेर, आत-बाहेर करायचं नाही. डब्याला द्यायचे पॅटिस मी सकाळी भाजते, रात्री नाही.

आता तक्रारी. झाकणात स्प्रिंग आणि दोरीची गुंडाळी असते, ते पाण्यात बुडवता येत नाही. खालून ओल्या फडक्याने पुसायचं. पण मटणाची चरबी झाकणाच्या खाचेत जाऊन बसते आणि ती फडक्याने निघत नाही. मी जुन्या दात घासायच्या ब्रशला गरम पाणी आणि साबण लावून ती खाच घासते आणि झाकण उलटं ठेवून वाळवते. पावसाळ्यात दोरी ओली राहिली की कुबट वास धरते, त्यामुळे वापरून झाल्यावर दोरी थोडी बाहेर ओढून, मूठ खिळ्याला अडकवून टांगायची. पारदर्शक भांडं हळदीने पिवळं होतं. उन्हात ठेवलं की डाग फिकटतो, पण आषाढात कोल्हापुरात ऊन कुठून आणणार? पिवळं तर पिवळं. पात्याच्या दांड्याची खालची पोकळी मात्र रोज बघायची, तिथे खिम्याचे कण दडतात. आणि पाती धुताना पोरांना जवळ घेऊ नका, फार धारदार असतात.

माझ्या पहिल्या चॉपरची दोरी मुठीपाशी झिजून तुटली. दुकानदाराने 'याची दोरी बदलत नाही, नवीन घ्या' म्हणून हात झटकले. शेवटी ह्यांनी झाकणाचे स्क्रू काढून पतंगाचा नको, शिलाईचा जाड नायलॉन दोरा भरला आणि तो चालला. म्हणून घेताना झाकण उलटं करून बघा. स्क्रू दिसत असतील तर घ्या, नुसतं चिकटवलेलं असेल तर ठेवून द्या. किंमत तीन-साडेतीनशेच्या पुढे देऊ नका. घरात दोन-तीनच माणसं असतील तर लहान माप पुरेल, पण त्यात एका वेळी वाटीभरच मटण बसतं. आणि महिन्यातून एखाद्या वेळीच मटण होत असेल, तर सरळ विळीवर बारीक करा. थंड मटण विळीवरही चांगलं चिरलं जातं.