मोडका घोटा आणि लिफ्ट नसलेला दवाखाना

गुलमर्गला स्कीइंग करताना उजवा घोटा मोडला. इंदूरला परतल्यावर पहिल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली न धरली तोच प्लेट-स्क्रूचा खर्च सांगितला. आई तर हो म्हणूनच बसली होती. मी हट्टाने ओल्ड पलासियातल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये दुसरं मत घेतलं. दीड तास ताटकळलो. पण या डॉक्टरांनी पायावर भार देऊन पुन्हा एक्स-रे काढायला लावला. फिब्युला, म्हणजे नडगीशेजारचं बारीक हाड, तुटलंय, सांधा मात्र जागेवर आहे, म्हणून घोटा धरून ठेवणारा आधाराचा बूट घालून ६ आठवडे. सरकला असता तर ऑपरेशनच, असं स्वच्छ सांगितलं. मधे दोनदा फिल्म तपासली. जिना उतरताना घोटा अजून कुरकुरतो, पण परवा सराफ्यात पायी हिंडलो. तक्रार एकच: क्लिनिक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हाडांच्या दवाखान्याला!