तपासणीची तपासणी कशी करावी: आकडे, फेरभेट की साथीची नोंद?

महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होतं, पावसाळ्याआधी एप्रिलमध्ये आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये. आरोग्य सेवक, ग्रामसेवक आणि जलसुरक्षक विहिरीवर, टाकीवर, व्हॉल्व्हपाशी जाऊन ठरलेला तक्ता भरतात. जोखीम ७० टक्के किंवा जास्त निघाली तर लाल कार्ड, ३० ते ६९ टक्के असेल तर पिवळं, त्याखाली हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं टिकलं आणि जलजन्य साथ आली नाही, तर चंदेरी.

ही झाली गावाची तपासणी. ती करणारी तालुक्याची यंत्रणा आपलं काम नीट करते का, हे राज्यानं किंवा जिल्ह्यानं ठरवायचं कसं? तुम्ही जिल्हा आरोग्य अधिकारी असाल, साथरोगाचं काम बघणारे असाल किंवा जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीवर असाल, तर तुमच्यापुढे साधारण तीन वाटा आहेत. मासिक आकड्यांवरून आढावा घ्यायचा, काही गावांत स्वतः जाऊन तीच तपासणी पुन्हा करायची, किंवा साथी किती आल्या त्यावरून गुण द्यायचे. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, हे आधीच सांगतो.

आकड्यांचा आढावा

ही सगळ्यात स्वस्त वाट. पाणी नमुने किती घेतले, त्यांतले दूषित किती, टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरच्या नमुन्यांत २० टक्क्यांपेक्षा कमी क्लोरीन असलेले किती, लाल कार्डं किती. सगळ्या तालुक्यांची माहिती एका तासाच्या बैठकीत समोर येते. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून तीन महिने नमुनेच आले नाहीत, एखाद्या गावाची पावडर दर वेळी कमी क्लोरीनची निघते, हे इथेच कळतं. म्हणून ही वाट बंद करा असं मी म्हणणार नाही.

अडचण पुढे येते. दूषित नमुन्यांचं प्रमाण कमी असलेल्या तालुक्याची बैठकीत पाठ थोपटली जाते आणि जास्त असलेल्याला उभं करून विचारलं जातं. पण शोधून शोधून शेवटच्या नळाचं पाणी घेणाऱ्या जलसुरक्षकाचे नमुने जास्त दूषित निघणारच. दुसरा टाकीखालच्या पहिल्याच नळाचं, नुकतीच पावडर टाकल्यावरचं पाणी भरून पाठवतो आणि त्याचा अहवाल स्वच्छ येतो. दोन वर्षं असं चाललं की मेहनत करणारा माणूसही पहिल्याच नळाशी थांबायला शिकतो.

कागदावर किती विसंबावं याचं फार वेदनादायक उदाहरण कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात आहे. वॉकर्टन हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मे २००० मध्ये मोठा पाऊस झाला, शेणखताचं पाणी एका विहिरीत उतरलं, ई कोलाय जंतू नळातून घरोघरी गेले. सुमारे २,३०० माणसं आजारी पडली आणि सात दगावली. चौकशीत निघालं, की पाणीपुरवठ्याचे कर्मचारी क्लोरीन न मोजताच वर्षानुवर्षं नोंदवहीत ०.५ किंवा ०.७५ असे आकडे लिहीत होते. प्रांताच्या पर्यावरण खात्यानं १९९८ मध्ये तिथली तपासणी केली होती, पण ही बाब पकडली गेली नाही. खऱ्या पाण्यात रोज तोच आकडा येत नसतो. आकडे जुळतात की नाही एवढंच बघणाऱ्याला ती वही निर्दोष वाटते.

फेरभेट

दुसऱ्या वाटेत चिठ्ठ्या टाकून गावं निवडायची. तालुक्याच्या तपासणीनंतर आठ दिवसांच्या आत दुसऱ्या तालुक्यातल्या दोन जाणकारांनी तिथे जाऊन तोच तक्ता भरायचा, आधीचे गुण न पाहता. मग दोन्ही तक्ते शेजारी ठेवायचे. विहिरीचा फुटलेला कठडा, गटारातून गेलेली जलवाहिनी, झाकण नसलेली टाकी या गोष्टी आठ दिवसांत बदलत नाहीत. तिथे फरक पडला तर पहिल्या माणसाला दोष दिसला नाही किंवा त्यानं तो लिहिला नाही. क्लोरीन रोज बदलतं, ते वेगळं धरायचं.

किती गावं घ्यायची? दर पाच तपासण्यांतली एक चुकीची असेल, तर चिठ्ठीनं निवडलेल्या दहा गावांत निदान एक चूक हाती लागण्याची शक्यता सुमारे ८९ टक्के असते. दिवसाला दोन-तीन गावं धरली तर एका जोडीचं हे चार-पाच दिवसांचं काम आहे.

एका हिरव्या कार्डाच्या गावात मी असाच गेलो होतो. टाकीजवळच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत खुणेपर्यंत घेतलं, ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे थेंब टाकले, लगेच छान पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन होतं. सोबतचे लोक निघायला लागले. मी गावाच्या टोकाच्या शाळेच्या नळावर घेऊन चला म्हटलं. तिथे नळी पाण्यासारखीच राहिली, रंग नाही. परतताना वाटेतल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गुडघाभर गढूळ पाणी साचलेलं दिसलं आणि त्यात बुडालेल्या जोडातून बुडबुडे येत होते. पुरवठा बंद झाला की तेच पाणी आत ओढलं जाणार. तक्त्यात ‘गळती’पुढे ‘नाही’ लिहिलं होतं. लिहिणारा बेफिकीर नव्हता, तो त्या टोकापर्यंत कधी गेलाच नव्हता, कारण त्याच्याकडून तशी अपेक्षा कुणी ठेवली नव्हती.

फेरभेटीत आणखी एक साधा हिशेब करता येतो. चांगली पावडर हजार लिटरला २.५ ग्रॅम धरली, तर रोज एक लाख लिटर पाणी सोडणाऱ्या गावाला दिवसाला २५० ग्रॅम, महिन्याला साडेसात किलो आणि सहा महिन्यांत ४५ किलो टीसीएल लागते. ग्रामपंचायतीच्या बिलांत सहा महिन्यांत २५ किलोची एकच गोणी दिसत असेल आणि नोंदवहीत मात्र रोज शुद्धीकरण केल्याची सही असेल, तर पुढे काही विचारायची गरज उरत नाही. गोणी तोंड उघडी, ओल असलेल्या खोलीत पडली असेल तर क्लोरीन उडून जातं, म्हणून ती कुठे ठेवलीय हेही बघायचं.

या वाटेचा खर्च आहे. गाडी लागते, माणसं लागतात आणि आरोग्य सेवकाची पदं रिकामी असलेल्या जिल्ह्यात ती काढायची कुठून हा प्रश्न खरा आहे. शिवाय चूक सापडली की थेट नोटीस निघणार असेल, तर पुढच्या वेळी सगळे सांभाळूनच तक्ते भरतील. पहिल्या फरकाला सोबत जाऊन दाखवणं, तोच फरक पुन्हा आला तर कारवाई, असा क्रम आधी जाहीर करावा. वॉकर्टननंतर ओंटारिओनं नगरपालिकांच्या पाणी योजनांची दरवर्षी तपासणी सक्तीची केली आणि तीनांतली निदान एक न कळवता करण्याचा नियम केला. न कळवता जाणं आपल्याकडेही अवघड नाही. फक्त दौऱ्याचा कार्यक्रम आदल्या दिवशी व्हॉट्सॲप गटावर टाकू नका.

साथीवरून मूल्यमापन

तिसरी वाट ऐकायला सगळ्यात न्याय्य वाटते. शेवटी लोक आजारी पडू नयेत म्हणूनच हे सगळं ना? पण साथ न येणं हे नशीबही असू शकतं. कोरड्या वर्षी गळकी वाहिनीही निभावून जाते. आणि साथ नोंदली गेली की चंदेरी कार्ड जाणार असेल, तर जुलाबाचे पंधरा रुग्ण ‘किरकोळ’ म्हणून सोडून देण्याचा मोह कुणालाही होईल. साथ लवकर कळवणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला बक्षीस, हे साथरोग नियंत्रणाच्या मुळावरच येतं.

साथीची नोंद मूल्यमापनाला नव्हे, मागे वळून पाहायला वापरा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागांत गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काहींच्या शौच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जंतू सापडला आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे गेलं. यांतली नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्येच महापालिकेत आली होती. ग्रामपंचायत संपली की तिचं कार्डही संपतं. जुन्या विहिरी, जुन्या वाहिन्या तिथेच राहतात. जिल्ह्याचा आढावा घेताना शहराच्या कडेची ही गावं कोणाच्या यादीत आहेत, हे हातानं तपासा.

निवड करताना

हाताशी फक्त एक माणूस आणि मासिक अहवाल असतील, तर आकडेच घ्या, पण दूषित नमुन्यांच्या टक्केवारीवर गुण देणं थांबवा. त्याऐवजी दूषित निघालेल्या प्रत्येक नमुन्यानंतर दुरुस्ती किती दिवसांत झाली आणि दुसरा नमुना कधी घेतला, एवढे दोन रकाने मागवा. चार-पाच दिवस आणि एक गाडी मिळत असेल, तर फेरभेट करा, निदान लाल कार्ड एकही नसलेल्या तालुक्यांत. तिथे मला आधी जावंसं वाटतं. एप्रिलच्या सर्वेक्षणाची फेरभेट मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत उरका, म्हणजे व्हॉल्व्हचे खड्डे उपसून गळके जोड बदलायला पावसाआधी तीन आठवडे तरी हाती राहतात.