तोंड चढाकडे करून: जुन्या डिझेल व्हॅनच्या स्टार्टिंगचा नऊ महिन्यांचा अनुभव

केटरिंगच्या कामासाठी आमच्याकडे २००८ सालची, चार सिलिंडरची, रोटरी पंप (इंजिनाला डिझेल पुरवणारा फिरता पंप) असलेली डिझेल व्हॅन आहे. आम्ही निफाड तालुक्यात राहतो. येथे काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांखाली उतरतो आणि द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा पहाटे पाच वाजता भांडी भरून निघायचे आणि गाडीने नुसताच सेल्फ घेत राहायचे, हा प्रकार गेल्या नोव्हेंबरपासून सुरू झाला. डिसेंबरात मी एकेक गोष्ट तपासून दुरुस्त करू लागलो. त्याला आता नऊ महिने झाले असून, कोणता खर्च कामी आला आणि कोणता वाया गेला, हे सांगता येईल इतका काळ मधे गेला आहे.

वाया गेलेला खर्च आधी सांगतो. सेल्फ जड फिरतो म्हणून मी सर्वांत आधी नवी बॅटरी बसवली, कारण तीच गोष्ट दुकानातून लगेच आणता येते. चार दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. त्यानंतर साधा मल्टिमीटर घेतला. खरे तर तो आधी घ्यायला हवा होता. उभ्या गाडीत जुनी बॅटरीसुद्धा १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ती पूर्ण चार्ज होती. मग पंपावरील सोलेनॉइडची (डिझेल सोडणाऱ्या-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढली, जेणेकरून इंजिन सुरू न होता केवळ फिरेल, आणि मुलाला सेल्फ मारायला सांगून मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर व दुसरे थेट इंजिनच्या ब्लॉकवर धरले. तेथे जवळजवळ एक व्होल्ट दिसला. अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनापर्यंतची जोडणी, चांगले असेल तर हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या बराच खाली राहिला पाहिजे. चासीला जोडलेली अर्थची पट्टी हिरवी पडून निम्मी तुटली होती. ती बदलून बोल्टखालचा रंग व गंज पॉलिश पेपरने घासून काढला आणि सेल्फचा आवाज त्याच क्षणी बदलला. जुनी बॅटरी आता मंडपातील दिव्यांसाठी वापरतो.

सेल्फ जोरात फिरू लागला तरी थंडीत गाडी एका झटक्यात सुरू होत नव्हती. येथे आमच्या मिस्त्रींनी एक गोष्ट शिकवली, जी मी आता कोणालाही पहिल्यांदा सांगतो: सेल्फ मारताना सायलेन्सरकडे माणूस उभा करा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत आहे, परंतु जळत नाही. धूर मुळीच येत नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. आमच्याकडे पांढरा धूर होता. या जुन्या पद्धतीच्या इंजिनांत डिझेल आधी एका लहान कप्प्यात फवारले जाते आणि कप्प्याच्या गार भिंती दाबलेल्या हवेची उष्णता ओढून घेतात; म्हणून कॉम्प्रेशन वीसपटीच्या वर असूनही थंडीत हीटर प्लगशिवाय, म्हणजे तो कप्पा विजेने तापवणाऱ्या कांडीशिवाय, भागत नाही. प्लगांना जोडणारी पट्टी काढून प्रत्येकाचा रोध मोजला. दोन प्लग एक ओहमच्या आत होते आणि दोन आतून तुटलेले, म्हणजे वीजच न जाणारे. चारही बदलले. जुने प्लग काढताना इंजिन गरम करून, गंज सोडवणारे तेल मारून, सावकाश काढावेत. प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवण्याची वेळ येते. हे चार प्लग पूर्ण हिवाळाभर चालले आणि मागील आठवड्यात मोजले तेव्हाही चारही ठीक होते. थंडीत एअर क्लिनरच्या तोंडाशी पेटता बोळा धरण्याची किंवा स्प्रे मारण्याची सवय मात्र सोडावी. तापलेल्या प्लगांवर स्प्रेचा भडका वेळेआधी उडतो आणि त्यात पिस्टन फुटू शकतो.

फेब्रुवारीत थंडी ओसरल्यावर दुसरेच दुखणे उघडे पडले. रात्रभर उभी राहिलेली गाडी कधी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू व्हायची, तर कधी वीस-वीस सेकंद धुराचा मागमूस नसायचा आणि मग अडखळत सुरू व्हायची. याचे कारण आमच्याच सवयीत दडलेले होते. बंद पडली तर धक्का मारता यावा म्हणून गाडी आम्ही घराशेजारच्या उतारावर, तोंड खाली करून लावत असू. टाकी मागे असल्यामुळे त्या स्थितीत ती इंजिनापेक्षा उंच राहते आणि डिझेल पाइपातच टिकते. लग्नघरी जागेअभावी तोंड चढाकडे राहिले की रात्रीत डिझेल टाकीकडे परतायचे व पाइपात हवा शिरायची. पंप डिझेल ओढून घेत असल्याने त्या बाजूच्या सैल जोडातून थेंबही बाहेर येत नाही, फक्त हवा आत जाते. त्यामुळे खाली डाग नाही म्हणून गळती नाही, असे मी धरून चाललो होतो ते चुकले.

खात्रीसाठी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक पाइप बसवला. सकाळी त्यात बुडबुड्यांची रांग स्पष्ट दिसली. तपासणीसाठी ही युक्ती उत्तम आहे, पण पाइप कायमचा ठेवू नये; माझा पाच महिन्यांत पिवळा व कडक झाला. मधल्या काळात एका दुकानदाराच्या सल्ल्याने नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही (डिझेल मागे परतू न देणारी झडप) लावला. तीन महिने गाडी छान सुरू होत होती, मग कसारा घाटात भरलेल्या गाडीने दम सोडला, कारण व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला होता. दुखणे झाकणाऱ्या या वस्तूला मी पाचपैकी एक गुण देईन. खरा दोष निघाला तो फिल्टरच्या बंजो बोल्टखालील (आतून डिझेल वाहते अशा पोकळ बोल्टखालील), पुन्हा पुन्हा वापरलेल्या तांब्याच्या वॉशरांत आणि हँड प्रायमरच्या (हाताने दाबून डिझेल ओढायच्या छोट्या पंपाच्या) कडक झालेल्या ओ-रिंगमध्ये, म्हणजे रबरी कड्यात. हे सर्व मिळून खर्च दोनशे रुपयांच्या आत आला. सोबत नोझलवरून उरलेले डिझेल परत नेणाऱ्या, कापडी वेष्टनाच्या नळ्याही बदलल्या आणि प्रायमर दाबून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढली.

जूनपासून गाडी दुसऱ्यांदा सेल्फ मारावा न लागता सुरू होत आहे. पावसाळ्यात फिल्टरखालचा नळ दर पंधरवड्याला उघडून पाणी काढतो. उतारावर लावण्याची सवय आम्ही सोडलेली नाही, पण शनिवारी रात्री मुद्दाम तोंड चढाकडे करून लावतो आणि रविवारी सकाळी घड्याळ धरून सेल्फ मारतो. परवा दोन सेकंद लागले.