आपोआप फुगणारं लाईफ जॅकेट : गोळीचं की दाबाचं?

मुंबई बंदरात किंवा मांडव्यापर्यंत शिडाची बोट नेणाऱ्यांनी फोमचं जॅकेट आधी विचारातून बाजूला काढावं, असं माझं मत आहे. डिंगीसाठी, म्हणजे सहज उलटणाऱ्या छोट्या शिडाच्या होडीसाठी, तेच योग्य, कारण डिंगी उलटली की फुगलेलं जॅकेट माणसाला शिडाखालून बाहेर येऊ देत नाही. पण कीलबोटीवर, म्हणजे तळाशी जड कणा असलेल्या मोठ्या बोटीवर, मे महिन्याच्या उन्हात जाड फोम दिवसभर अंगावर कोण ठेवणार? शिवाय 50 न्यूटनचा (न्यूटन हे तरंगवण्याच्या जोराचं माप) फोम बेशुद्ध माणसाला उताणं करेलच याचा भरवसा नाही. बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, डोक्यात बसून पाण्यात गेलेल्याला 150 न्यूटनचंच हवं, आणि तेही आपोआप फुगणारं.

अशा जॅकेटांचे दोन प्रकार : गोळीचं आणि दाबाचं. फुगल्यावर दोन्ही सारखेच. बहुतेकांत 33 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असतो. एकात पाणी लागून गोळी विरघळते, स्प्रिंग सुटते आणि सुई सिलिंडर फोडते. दुसऱ्यात, म्हणजे स्वीडनच्या हॅमर पद्धतीत, यंत्रणा साधारण 10 सेंटीमीटर पाण्याखाली गेल्याशिवाय झडप उघडत नाही.

किमतीत गोळी सरळ जिंकते. एकदा फुगल्यावर बदलायचा तिचा सुटा संच स्वस्त आणि पाच मिनिटांत बसतो. दाबाचा संच बराच महाग, मागवावा लागतो, आणि त्यात भरलेला सिलिंडर असल्याने विमानाच्या पार्सलमध्ये अडतो. चार-पाच जणांच्या क्रूसाठी हा खर्च लहान नाही, हे मान्य.

तरीही माझा कल दाबाच्या जॅकेटाकडे गेला, तो आपल्या दमट हवेमुळे. माझी गोळीची जॅकेटं लाटेच्या एका सपकाऱ्यानेही फुगली आहेत. एक तर पावसाळ्याच्या तोंडावर बंद लॉकरमध्येच फुगलं. पिवळी पिशवी झाकणाखाली इतकी घट्ट बसली होती की हवा सोडल्याशिवाय झाकण उघडेना. नवा संच टाकून हे निभावता येतं. निभावत नाही ते पुढचं. असं दोनदा झालं की क्रू गुपचूप गोळी काढून ठेवतो. जॅकेट बाहेरून तसंच दिसतं, पण दोरी ओढल्याशिवाय फुगत नाही, आणि बेशुद्ध माणूस दोरी ओढत नाही. उधाणाच्या ओहोटीत बोट वळवून परत येईपर्यंत माणूस किती लांब वाहून जातो, हे ज्याने पाहिलंय त्याला ही गोष्ट साधी वाटणार नाही. दाबाच्या जॅकेटावर नळाचं गोडं पाणी बेलाशक ओतता येतं, ओल्या लॉकरात ठेवता येतं. म्हणून ते अंगावर राहतं.

तुम्ही फक्त कोरड्या महिन्यांत, शांत दुपारी जात असाल आणि दर मोसमाला गोळी बदलत असाल, तर गोळीचंही चालून जाईल. कोणतंही घेतलंत तरी जांघेखालून जाणारा पट्टा लावा. तो नसेल तर जॅकेट वर सरकतं आणि तोंड पाण्यात जातं. गोळीच्या जॅकेटाचा सिलिंडर मोसमाच्या सुरुवातीला काढून वजनकाट्यावर ठेवा आणि त्यावर कोरलेल्या वजनाशी ताडा.

पैसे एकाच दाबाच्या जॅकेटापुरते असतील, तर ते फोरडेकवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, जाणाऱ्याला द्या. सपकारे तोच सर्वात जास्त खातो, आणि पडण्याची शक्यताही त्याचीच जास्त.