पक्षी-प्राण्यांसाठी घेतलेला मिररलेस कॅमेरा: दहा महिने वापरल्यावर

कॅमेरा हातात आला त्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर दोन परिच्छेदांत आटोपलं असतं आणि सगळं कौतुकच झालं असतं. म्हणून मुद्दाम थांबले. मागच्या ऑगस्टच्या शेवटी घेतला, आता जून संपत आलाय. मधे अख्खी थंडी, माळरानावरचा मे महिना आणि पावसाचे पहिले काही दिवस झाले. माझं जंगल म्हणजे कोथरूडहून पहाटे निघायचं आणि जमलं तर दुपारच्या जेवणाला घरी. तेव्हा वाघाच्या फोटोंसाठी वाचत असाल तर फारसं काही हाती लागणार नाही. हे कवडीपाट, भिगवण, सिंहगड व्हॅली, वेताळ टेकडी आणि इंदापूरकडच्या माळाबद्दल आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. नाव आलं की बोलणं कंपनीवर जातं, आणि मला सांगायचंय ते या जातीच्या कॅमेऱ्याबद्दल: एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरची मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली बॉडी आणि १००-४०० मिमीची झूम लेन्स, लांबच्या टोकाला एफ/६.३ (हा आकडा जितका लहान तितका लेन्समधून जास्त प्रकाश). दोन्ही मिळून पावणेदोन किलोच्या आत. लहान सेन्सरमुळे ४०० चा आवाका फुल फ्रेमच्या हिशेबात ६०० मिमीसारखा मिळतो. अशी जोडी आज बऱ्याच कंपन्यांकडे आहे.

घ्यायच्या आधी माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली निकॉन पी९५० सारख्या ब्रिज कॅमेऱ्याची. ८३ पट झूम, २४ ते २००० मिमी, सगळं एक किलोत, लेन्स बदलायची भानगडच नाही. आकडा वाचून कोणीही पाघळेल, मीही पाघळले होते. पण त्यातला सेन्सर १/२.३ इंची, म्हणजे क्षेत्रफळाने एपीएस-सीच्या बारा-तेरावा हिस्सा. भर उन्हात त्याने काही अडत नाही. झाडीत मात्र प्रकाश गोळा करायला जागाच कमी, तिथे झूम काय करणार?

दुसरी वाट भावजींची. माझे दीर गेली सात वर्षं निकॉन डी५०० हा आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) आणि २००-५०० मिमी एफ/५.६ ची लेन्स घेऊन फिरतात. डी५०० हा २०१६ चा कॅमेरा, आता नवा मिळत नाही, पण वापरलेला चांगल्या स्थितीत मिळाला तर आजही पक्ष्यांसाठी नाव ठेवण्यासारखं काही नाही. भावजी म्हणाले, ‘वहिनी, मिररलेसचे पैसे वाचवा, मी तुम्हाला चांगला सेकंडहँड शोधून देतो, शटर काउंट बघून.’ (त्या बॉडीचं शटर दोन लाख क्लिकसाठी तपासलेलं असतं, त्यामुळे काउंट बघायचाच.) मी म्हटलं, आधी एक रविवार तुमचा कॅमेरा द्या. वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने वेताळाच्या देवळापर्यंत आणि परत. लेन्स २.३ किलो, बॉडी ८६० ग्रॅम. सुंदर यंत्र आहे, फोकस असा लागतो की आपण मधे नसलो तरी चालेल. सोमवारी मला मान डावीकडे वळवता येईना. सर्व्हायकलचा त्रास मला आधीपासून आहे, त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. पण निर्णय तिथेच झाला.

म्हणून तिसरी वाट. आणि दहा महिन्यांनी छातीवर हात ठेवून सांगते की वजनाचा निर्णय बरोबर होता. मंगळवारी-गुरुवारी ऑफिसच्या आधी टेकडीवर जाताना मी तो सहज खांद्याला लावते. भावजींचा कॅमेरा फक्त रविवारी कपाटाबाहेर येतो. माझे सगळ्यात आवडते दोन फोटो, पायवाटेवर सुक्या पाल्यात बसलेला रातवा आणि पिल्लांची रांग घेऊन चाललेली लांडोर, दोन्ही आठवड्याच्या मधल्या दिवसांचे आहेत.

आता जागेनुसार सांगते, कारण हा कॅमेरा प्रत्येक ठिकाणी वेगळा वागतो.

कवडीपाट. हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. पाण्यावर शहराचा फेस तरंगतोय, वास आहे, आणि त्यातच चक्रवाक, शेकाट्ये, शराटी, धोबी हे पक्षी. पक्षी इतके जवळ असतात की ४०० लागतच नाही, माझे निम्मे फोटो २०० ते ३०० मधे आहेत. फोकस शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही. पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर चौकोन चिकटवणारी सोय इथे खरोखर कमाल करते. बंधाऱ्यावर बसकण मारायची, मागचा स्क्रीन बाहेर काढून वर वळवायचा, कॅमेरा पाण्यालगत धरायचा. पूर्वी यासाठी पालथं पडावं लागे, आणि कवडीपाटला पालथं पडणं म्हणजे काय ते तिथे गेलेल्यांना कळेल.

इथेच पहिला झटकाही बसला. कवड्या धीवर एका जागी फडफडत थांबला होता. मी आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं होतं, सेकंदाला वीसेक फोटो. घरी येऊन बघते तर पंख केळ्यासारखे वाकलेले. आधी वाटलं लेन्स बिघडली. मग कळलं की या शटरमधे सेन्सर वरून खाली एकेक ओळ करत वाचला जातो, आणि तेवढ्या वेळात पंख हलून मोकळा होतो. महागड्या बॉडींमधे ही वाचण्याची गती खूप जास्त असते, माझ्या किमतीच्या बॉडीत नाही. आता नियम केलाय: बसलेल्या पक्ष्याला मुकं शटर, उडत्याला मेकॅनिकल. रातव्यासाठी मुकं शटर वरदान आहे, तो जागचा हलला नाही.

भिगवण. पुण्याहून शंभरेक किलोमीटर, उजनीचं पाणी, कुंभारगावातून नाव करायची. रोहित (फ्लेमिंगो) बघायला डिसेंबर ते मार्च. सकाळी आठनंतर प्रकाश भरपूर, एफ/६.३ ची अडचण अजिबात नाही, शटर १/२५०० सेकंदावर ठेवलं तरी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवली की फोटो रवाळ होतो) आटोक्यात. नावेत ट्रायपॉड निरुपयोगी, हातातच धरायचा, आणि इथे हलकी जोडी भारीला मागे टाकते. नावाडी दादांचं ऐका. ते थव्याच्या कोणत्या बाजूने नाव न्यायची हे आपल्याहून चांगलं जाणतात, आणि ‘अजून जवळ घ्या’ म्हणून त्यांच्या मागे लागणाऱ्यांना माझा नमस्कार. थवा उडवून मिळालेला फोटो लांबूनही ओळखू येतो.

भिगवणलाच बॅटरीचा धडा मिळाला. मिररलेसमधे आपण नुसतं बघत असलो तरी व्ह्यूफाइंडरचा छोटा स्क्रीन बॅटरी खात असतो. साडेसहाला सुरू केलेली बॅटरी साडेदहाला संपली, दुसरी घरी चार्जरमधे. नेमका तेव्हाच नदी सुरय पक्ष्यांचा गोंधळ सुरू झाला. शेजारी भावजी, त्यांची बॅटरी दोन दिवसांपूर्वी चार्ज केलेली, काहीही न बोलता हसले. दुसरी बॅटरी कॅमेऱ्याच्या किमतीतच धरा.

सिंहगड व्हॅली. इथे माझं तोंड उतरतं. गडाच्या पायथ्याची ती दाट झाडी, ओढ्याकाठची सावली, आणि सकाळी सातला जेमतेम उजेड. स्वर्गीय नर्तकाचा पांढऱ्या लांब शेपटीचा नर समोर आला तेव्हा मीटर सांगत होतं एफ/६.३, १/२५०, आयएसओ ६४००. तो काही १/२५० ला थांबणारा पक्षी नाही. फोटो आला, शेपटीचं टोक हललं, आणि सावलीतल्या भागात रवाळपणा. हा रवाळपणा (नॉइज) कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरने बराच सुधारला, पण पिसांची बारीक रेघ त्यात गेलीच. नाचण हा पक्षी तर सोडूनच द्या. शिवाय झाडीत डोळा ओळखणारा फोकस गोंधळतो. पक्ष्याऐवजी पुढची काटकी धरतो आणि हट्टाने तिथेच बसतो. मग सगळी हुशारी बंद करून मधला एक छोटा बिंदू निवडायचा, जुन्या पद्धतीने. मी ते मागच्या एका बटणावर लावून ठेवलंय. हे बटण सापडायला मला चार महिने लागले, तुम्ही पहिल्या दिवशी शोधा.

यात कॅमेऱ्यापेक्षा लेन्सचा दोष जास्त. एफ/४ ची लेन्स असती तर तोच फोटो १/६०० च्या आसपास आला असता. पण तिची किंमत आणि वजन पाहिलं की मला टेकडीनंतरचा तो मान धरलेला सोमवार आठवतो.

भीमाशंकरला फेब्रुवारीत एकदाच गेले, शेकरूसाठी. आपला राज्यप्राणी बसतो उंच फांदीवर, मागे लख्ख आकाश. नुसतं क्लिक केलं तर काळी सावली येते. एक्सपोजर एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवायचं, आकाश पांढरं पडलं तर पडू दे. मिररलेसची खरी मजा इथे कळली: व्ह्यूफाइंडरमधे फोटो काढायच्या आधीच दिसतं की तांबूस केस दिसायला लागले की नाही. भावजी प्रत्येक फोटोनंतर मागे बघत होते, मी नाही. त्या दिवशी हसायची पाळी माझी.

मे महिन्यात इंदापूरकडचा कडबनवाडीचा माळ. चिंकारा, धाविक, नीलपंख, आणि नशीब असेल तर लांडगा. माझं नशीब होतं, आवाका नव्हता. लांडगा आडवा चालत गेला तेव्हा ६०० मिमीच्या हिशेबातही तो फ्रेममधे अंगठ्याएवढा. रेकॉर्ड शॉट, म्हणजे नुसती नोंद म्हणून ठेवलाय. पी९५० वाल्या एका काकांनी त्याच वेळी तो अख्खा फ्रेममधे घेतला. पण साडेनऊला माळ तापला, जमिनीवरची हवा थरथरू लागली, आणि मग त्यांचाही लांडगा पाण्याखाली पोहल्यासारखा आणि माझाही. त्या हवेपुढे कुठलीच लेन्स चालत नाही. कॅमेरा खाली ठेवून पाणी प्यायचं. गाडीच्या खिडकीवर टेकवायला जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात ज्वारी भरली आहे, हजार-दीड हजाराच्या बीन बॅगपेक्षा काडीचीही कमी नाही. माळावर लेन्स मात्र काढू नका. आरसा नसल्याने सेन्सर उघडाच असतो, धूळ थेट त्याच्यावर बसते. बसलीच तर रबरी ब्लोअर मारा, तोंडाने फुंकर नको.

बारीक तक्रारी. कॅमेरा झोपला की जागा व्हायला जवळजवळ सेकंद घेतो, तेवढ्यात खंड्या सूर मारून परत फांदीवर. उपाय एवढाच की पाणवठा दिसायला लागला की शटर अर्धं दाबत राहायचं. चालताना लेन्स स्वतःच्या वजनाने पुढे घसरते, तिचं लॉक लावायची सवय करावी लागते. व्ह्यूफाइंडरभोवतीचं रबर सहाव्या महिन्यात सुटलं, सर्व्हिस सेंटरने ते क्षुल्लक रबर मागवायला तीन आठवडे घेतले आणि दर वेळी नवीन तारीख दिली. बिल आणि भारतातली वॉरंटी नीट होती म्हणून निदान पैसे लागले नाहीत. स्वस्तात मिळतो म्हणून वॉरंटीशिवायचा आयात माल घेऊ नका, एवढं सांगते.

आणि फोटोंचा ढीग! भिगवणच्या एका सकाळी २२०० फ्रेम्स. रॉ (सेन्सरची कच्ची) फाइल तीसेक एमबीची, म्हणजे ६५ जीबीच्या आसपास. सुरुवातीला घरातलंच जुनं मेमरी कार्ड घातलं होतं, तीन सेकंद बर्स्ट मारला (बटण दाबून धरून सलग फोटो काढले) की कॅमेरा दम खात बसायचा. वेगवान कार्ड घेतल्यावर दुसराच कॅमेरा वाटला. निवडायला मात्र कोणतंच कार्ड मदत करत नाही. लेक म्हणते, ‘आई, एकाच बगळ्याचे एकशे चाळीस फोटो?’ आता बोट लवकर उचलते.

पावसाळ्याची काळजी पुण्यातल्या प्रत्येकाने घ्यावी, कारण लेन्सला बुरशी लागली की ती काचेच्या आत असते. ड्राय कॅबिनेट घेतलं नाही. झाकण घट्ट बसणारा मोठा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० टक्क्यांमधे ठेवायचा. जेलचे निळे खडे गुलाबी झाले की कढईत गरम केल्यावर परत निळे होतात, पण ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, त्या रंगात कोबाल्ट असतं. आमच्याकडे त्यासाठी एक फुटका तवा वेगळा काढलाय.

परत घेईन का? बॉडी हीच. लेन्सबद्दल मन दोलायमान आहे. पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. थंडीत माशीमार यायला लागले की एखादी एफ/४ ची दोन दिवस आणून व्हॅलीत लावून बघणार आहे, मानेचं काय होतं तेही कळेल. तोवर मी व्हॅलीत सातऐवजी साडेआठला पोहोचते, ऊन ओढ्यापर्यंत उतरलेलं असतं. भावजी साडेसहालाच जाऊन बसतात. मी पोहोचेपर्यंत त्यांनी थर्मासमधला चहा अर्धा संपवलेला असतो.