ऑपरेशन्स चीफ की मेडिकल डायरेक्टर: अँब्युलन्स सर्व्हिसमध्ये साहेब नक्की कोण?
बाहेरून वाटतं एकच साहेब असेल, पण बऱ्याच ठिकाणी खुर्च्या दोन असतात आणि दोघांची कामं एकदम वेगळी. ऑपरेशन्स चीफ म्हणजे गाड्या, ड्युटी चार्ट, कोण सुट्टीवर, कॉल आल्यापासून गाडी पोचेपर्यंत किती मिनिटं गेली, हे सगळं.

मेडिकल डायरेक्टर हा डॉक्टर, तो रोज गाडीत नसतो पण पॅरामेडिक (गाडीत पेशंटवर उपचार करणारा) जे करतो ते त्याच्याच प्रोटोकॉलवर, म्हणजे हार्ट बंद पडलेल्या पेशंटला अ‍ॅड्रेनलिन दर 3 ते 5 मिनिटांनी द्यायचं हे कुणी त्या वेळी फोन करून विचारत बसत नाही, आधीच लिहिलेलं असतं. नंतर केसचे रिपोर्ट तपासणं, चुकलं तर परत ट्रेनिंग, फारच झालं तर पेशंटला हात लावायची परवानगीच काढून घेणं, हेही त्याच्याकडे.

खरी गंमत मॉर्फिनसारख्या, म्हणजे नशेच्या धोक्यामुळे कडक हिशोब ठेवावा लागणाऱ्या वेदनाशामक औषधात. कुलूप, साठा, शिफ्ट बदलताना दोघांच्या सह्या हे चीफच्या माणसांकडे, पण कुणाला किती द्यायचं हे डॉक्टर ठरवणार, त्यामुळे हिशोबात एक अँप्युल (औषधाची काचेची कुपी) कमी भरली की दोघं एकमेकांकडे बघतात.

मोठ्या अपघातात मात्र जागेवरची कमांड ऑपरेशन्सवाल्याचीच हवी असं माझं मत (डॉक्टर लोकांना पटत नाही, चालायचंच). आणि फील्डमधून वर आलेल्याने चीफचीच वाट धरावी, मेडिकल डायरेक्टरच्या खुर्चीवर अनुभव कितीही असू दे, डॉक्टरकीच्या डिग्रीशिवाय घेतच नाहीत.